मुठाबाईची लंगडी

१८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुला वाकून नमस्कार करणार होते, पण पाळणाघरात वाकायची सोय नाही. वाकलं की पाठीवर कुणीतरी चढतंच. तेव्हा नमस्कार उभ्यानेच घे.

मला नोकरी लागल्याचं बाबांनी कळवलं असेल, म्हणजे "लागली एकदाची" एवढंच. तू फोनवर काही बोलत नाहीस. ("फोनवर माणसं नुसतं बरंय, बरंय म्हणतात" हे तुझं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे.) म्हणून सविस्तर लिहिते. माझ्याकडे छोटा गट आहे, दीड ते अडीच वर्षांची बारा मंडळी. त्यांतली निम्मी अजून धड चालत नाहीत आणि उरलेली थांबत नाहीत. बाहेर बर्फ साचलाय, त्यामुळे अर्धा दिवस कोट चढवण्यात जातो आणि अर्धा उतरवण्यात. बाराव्याच्या पायात बूट जाईपर्यंत पहिल्याला शू लागते. खोलीभर ओल्या लोकरीचा वास, खिडकीखालच्या हीटरवर वाळत घातलेले हातमोजे, आणि हीटरच्या उबेने सतत घामेजलेली खिडकीची काच. मला आवडतं इथे. अगदी मनापासून आवडतं.

माझ्या जोडीला जुन्या ताई आहेत. त्या इथे इतकी वर्षं आहेत की आता मुलांना सोडायला येणारे काही बाप त्यांनी स्वतः वाढवलेले आहेत. पाळणाघर मोठ्या बाईंचं. त्या वाईट नाहीत, पण त्यांना प्रत्येक गोष्ट भिंतीवर सरळ टांगलेली लागते.

बारांपैकी अकरा जणांशी माझं जमलं. हात पाठीशी बांधून फेऱ्या मारणारे एक प्रधानजी आहेत, त्यांच्याशी तर गूळपीठच आहे. बारावी मात्र मुठाबाई. हे नाव मी ठेवलं. दोन वर्षांची आहे. तिची आई शहराची बस चालवते. पहिल्या दिवशी आईने जाताना आपला उजव्या हाताचा मोजा तिच्या हातात दिला, "हा सांभाळ, मी न्यायला येते" म्हणून. पोरीने तो उजव्या मुठीत धरला तो आजतागायत सोडलेला नाही. जोडीला डावी मूठही वळलेली. खिडकीखाली बसते, रडत नाही, बोलत नाही, कशाला हात लावत नाही. घास भरवला तर खाते. आणि आई बिचारी एका हातात मोजा घालून थंडीत बस चालवते.

जानेवारीअखेर इथे "हिवाळी भिंत" असते. मुलांनी केलेल्या हिवाळ्याच्या गमती भिंतीवर लावायच्या आणि आईबाप बघायला येतात. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "ही मुलगी तोवर बाकीच्यांच्यात मिसळली नाही तर ती अजून तयार नाही असं समजू. जागेसाठी लोक थांबलेत. आईला सांगावं लागेल, वर्षभर घरी ठेवा." घरी ठेवा म्हणजे बस सोडा. घरात दुसरं कुणी नाही.

मी पटकन म्हणाले, "माझ्यावर सोडा." माझी जीभ नेहमी माझ्याआधी कामावर हजर असते, तुला ठाऊक आहे.

तू नाटकवाल्यांसाठी जन्मभर बर्फ पाडलास, झाडं उभी केलीस, तलवारी घडवल्यास. आता मला सांग, या बारा जणांकडून हिवाळा कसा करून घेऊ? आणि मूठ उघडायची काही युक्ती?

तुझी,
भिंगरी


२५ नोव्हेंबर

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद बसूनच देते. गुडघा उभं राहू देत नाही.

सोबत खोका पाठवला आहे. त्यात कापसाची बारा बर्फाची माणसं आहेत. प्रत्येकाला काळे मणी डोळे म्हणून, टोपी खऱ्या लोकरीची. तीन रात्री जागले नाही, कारण मला झोप प्रिय आहे, पण दिवस मात्र गेले. मुलांनी फक्त नाक चिकटवायचं. नाकं वेगळ्या पुडीत आहेत. एका बाटलीत चकचकीत भुकटी आहे, ती वरून भुरभुरायची. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही बर्फ दिसला पाहिजे.

भिंतीसाठी सांगते. गडद निळा कागद घे, सांजवेळेचा. त्यावर निष्पर्ण झाड काढ. झाडावरचा बर्फ म्हणजे मुलांचे पांढऱ्या रंगातले पंजे. बारा मुलं, बारा पंजे. लांबून बघशील तर फांद्यांवर बर्फ साचल्यासारखा दिसेल. मात्र एक विसरू नकोस. आधी प्रेक्षक कुठे बसणार ते बघ, मगच काहीही उभं कर. माझ्या हाताखालच्या सगळ्या पोरांना हे मी ओरडून शिकवलं. निम्मी शिकली.

मुठीचं म्हणशील तर, झाकली मूठ सव्वा लाखाची असते म्हणतात. मग तिला उघडायची घाई का? पण मोठ्या बाईंना ते पटणार नाही हेही खरं. पंज्यांचा खेळ बघून स्वतःच उघडेल. पोरं नकला करण्यात नटांच्या वरताण असतात.

पगाराच्या दिवशी स्वतःला एक गरम टोपी घे. नाहीतर मी विणून पाठवेन, आणि ती तुला घालावी लागेल.

आत्या


४ डिसेंबर

प्रिय आत्या,

खोका मिळाला. माणसं इतकी सुंदर होती की मी एकटीच पाच मिनिटं बघत बसले. मग जुन्या ताई आल्या, म्हणाल्या, "मणी?" आणि शांतपणे कात्री आणून चोवीसच्या चोवीस डोळे काढून कपाटात कुलूपबंद केले. आत्या, ही मंडळी दीड-दोन वर्षांची आहेत. ती जग तोंडाने बघतात. बिनडोळ्यांची माणसं वाटली, तर प्रधानजींनी आपल्या माणसाचं मुंडकं सरळ चावून ओढलं. तोंडातून कापूस काढताना त्यांनी माझं बोट चावलं, पण अतिशय सभ्यपणे. भुकटीची बाटली उघडायची मी हिंमत केली नाही, तरी ती कुठूनतरी गळाली असावी. मोठ्या बाईंच्या भुवया परवापासून चमकताहेत आणि त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस असं म्हणणार होते, पण तुझं झाड सगळ्यांना आवडलं.

मी मात्र आता शिकले. ह्यांना नीट काही करायला दिलं की ती बिचकतात, आणि नुसतं काहीतरी दिलं की तासभर रमतात. चिकट कागद उलटा करून भिंतीला लावला आणि कापसाचे बोळे दिले. एक लावतो, दुसरा काढतो, पुन्हा पहिला लावतो. रंगीत पाण्याचा बर्फ गोठवून कागदावर घसरवायला दिला. घमेलं भरून खरा बर्फ आत आणला, त्यावर ब्रशने रंग दिला. शेवटी लाल-निळा चिखल झाला आणि सगळे त्याच्याकडे असे बघत होते की जणू पुरं शहर वसवलंय. आत्या, तेवढा आनंद मला कुठल्या परीक्षेत झाला नव्हता.

पण इथे एक रीत आहे, ती मला खुपते. दुपारी मुलं झोपली की जुन्या ताई "दुरुस्ती" काढतात. वाकडी नाकं सरळ, पसरलेला रंग कापून साफ, दोन डोळे एका गालावर असले तर एक उचलून दुसऱ्या गालावर. "पालकांना बरं वाटतं गं," म्हणतात. मुलं उठतात आणि आपलंच काम ओळखत नाहीत. त्यांनी हे इतक्या मायेने चालवलंय की बोलायची सोय नाही.

झाडावर अकरा पंजे लागले. बाराव्याची फांदी रिकामी आहे. मुठाबाई बघते सगळं, डोळे ताटलीवर असतात. पण मी रंग जवळ नेला की दोन्ही मुठी छातीशी. मोठ्या बाई येता-जाता झाड मोजतात.

जुन्या ताईंनी एक सुचवलंय. झोपेत तिची मूठ सैल होते, मोजा निसटतो. तेव्हा पंज्याला रंग लावून ठसा घ्यायचा, हात पुसून टाकायचा. तिला कळणारसुद्धा नाही. झाड पुरं, मोठ्या बाई गप्प, आईची बस शाबूत.

काय करू? लवकर लिही.

भिंगरी


८ डिसेंबर

भिंगरी,

घे करून.

यात विचार कसला? अख्खं नाटक असंच उभं राहतं. पहिल्या रांगेतल्या बायका ज्या फुलांच्या वासाने मोहरायच्या ती मी कापडाची केलेली असायची. ठसा तिचा, हात तिचा. जागी असेल तर खरा आणि झोपली असेल तर खोटा, असं कुठल्या शास्त्रात आहे? पोरीची जागा वाचते ना? मग बाकीचं तत्त्वज्ञान उन्हाळ्यात कर.

रंग कोमट करून घे मात्र. गार लागला तर उठेल.

बर्फाच्या माणसांच्या डोळ्यांचं मी मनाला लावून घेतलेलं नाही. चोवीस मणी होते. परत पाठव.

आत्या


१५ डिसेंबर

आत्या,

रंग कोमट केला होता. तरी उठली.

तिने आधी पंज्याकडे बघितलंच नाही. मोजा शोधला. तो उशीपाशी होता, तो पकडला, आणि ओल्या रंगासकट मूठ वळली. मोजा पांढरा झाला. मग तिने मुठीकडे बघितलं, मोज्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या ब्रशकडे बघितलं. आणि आल्यापासून पहिल्यांदा रडली. आई येईपर्यंत रडत होती. मला जवळ येऊ देईना. सगळी मुलं जागी होऊन तिच्याबरोबर रडायला लागली आणि मोठ्या बाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

आई उघड्या, गार पडलेल्या हाताने मोज्यावरचा रंग खरवडत राहिली, आणि मग फक्त म्हणाली, "उद्यापासून आणू ना हिला?"

मी "हो" म्हणाले, पण ते माझ्या हातात कुठे आहे? मोठ्या बाई म्हणाल्या, भिंतीपर्यंत थांबते, पुढे नाही.

आता मी ब्रश उचलला तरी ती कपाटामागे जाते. तिचा विश्वास थेंबाथेंबाने साठत होता, तो मी एका दुपारी सांडला. तुझ्या सल्ल्याने. तुझ्या नाटकात प्रेक्षक झोपेतून उठून रडत नाहीत, आत्या. तुझी विद्या तुझ्यापाशीच ठेव. मणी सोबत पाठवले आहेत.

भिंगरी


३० डिसेंबर

चि. भिंगरी,

तुझ्या पत्राने नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवडाभर मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले आणि सगळ्या भांडणांत जिंकले. मग मणी मोजले. ते चोवीसच्या चोवीस निघाले आणि मला उगाच रडू आलं. एवढी चिडलेली असूनही पोरीने एक मणी कमी पाठवला नाही.

चूक माझी झाली. तू विचारलंस म्हणून मी सांगितलं हे खरं, पण मी तिचा हात बघितलाच नाही. फांदीची रिकामी जागा तेवढी बघितली. ज्याच्या अंगावर कपडा चढवायचा त्याचं माप न घेता मी कात्री चालवली. लहान आहेस म्हणून माफी मागत नाही असं समजू नकोस. मागते आहे.

आता ऐक. ऐकायचं नसेल तर वाच.

एका नाटकात बर्फात पावलं लागत होती. लहान मूल येऊन गेलंय, दिसत नाही, नुसती पावलं दिसतात, आणि ती बघून म्हातारा बाप दार उघडतो. दिग्दर्शकाने खरं मूल आणवलं. ते रंगाच्या परातीत बसलं आणि उठेना. प्रयोग संध्याकाळी. मी हातात काही नव्हतं म्हणून चिडून मूठ वळली होती, तीच परातीत बुडवली आणि आडवी टेकवली, करंगळीकडची बाजू खाली. उचलली तर खाली पाऊल! टाच, मधला बाक, सगळं. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके दिले की झाली बोटं. उजव्या मुठीचा उजवा पाय, डाव्या मुठीचा डावा. लहानपणी तू बापाबरोबर माझ्याकडे आलीस तेव्हा घामेजलेल्या काचेवर आपण हेच करत होतो. तू काच चाटायचीस म्हणून ओरडाही खायचीस. एवढं तरी आठवत असेल.

तुमच्या झाडाखाली जमीन आहे की नाही? मग तिथे बर्फात कुणीतरी चालायला नको का? त्याला उघडा पंजा लागत नाही. मूठच लागते. अकरा जणांकडे ती वळवावी लागेल. एकीकडे ती तयार आहे.

तिला काही सांगू नकोस. ब्रश आणू नकोस. तिच्याकडे बघूसुद्धा नकोस. काचेपाशी जा आणि आपलं आपण चालत राहा. एवढंच.

टोपी विणली आहे, सोबत आहे. रंगाबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही.

आत्या


१६ जानेवारी

प्रिय प्रिय आत्या,

टोपीच्या रंगाबद्दल मी बोलणार नाही. प्रधानजी मात्र तिला बघून पहिल्यांदाच हात पाठीवरून काढून टाळ्या वाजवायला लागले.

आधी मी तुला माफ केलं, मग तू मला कर. तशी पत्र टाकल्यावर लगेच लाज वाटली होती, पण पेटीतून पत्र परत निघत नाही.

आता बस, आणि गुडघ्याखाली उशी घे. सांगते.

काचेपाशी गेले. मुठाबाईपासून दोन हातांवर बसले आणि मूठ टेकवून पावलं काढत गेले. खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्या दिवशी ती कपाटामागून बघत होती. दुसऱ्या दिवशी खिडकीखाली परत आली. तिसऱ्या दिवशी मी कोट चढवायला गेले नि परतले, तर माझ्या पावलांशेजारी एक इवलंसं पाऊल! बोटं नव्हती, पण पाऊल होतं. मी नुसतं त्याच्यापुढे माझं एक काढलं. तिने त्याच्यापुढे तिचं.

चारेक दिवसांनी भिंतीच्या निळ्या कागदाखाली जमिनीवर एक ताटली ठेवली, पातळ पांढऱ्या रंगाची, आणि तिथून लांब जाऊन बसले. जुन्या ताईंना सांगितलं, काही झालं तरी "शाब्बास" म्हणायचं नाही. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरल्यासारखं तोंड केलं.

आली. डावी मूठ बुडवली, कागदावर टेकवली. पाऊल. मग त्याच्यापुढे आणखी. मग आणखी. सगळी डावी! कारण उजव्या मुठीत मोजा. म्हणजे बघ, निळ्या बर्फातून कुणीतरी लंगडी घालत चाललंय. दोन दिवस ती लंगडी भिंतीच्या कडेने पुढे सरकत होती. इतरांना कळलं हे काहीतरी भारी चाललंय. सगळे मुठी वळून तिच्यामागे. जे मूठ वळायला शिकत होते त्यांना ती आपली मूठ नाकासमोर धरून दाखवायची. आत्या, मुठाबाई शिकवत होती!

मग काल. ती थांबली. डावी पावलं बघितली, माझी काचेवरची दोन पायांची पावलं बघितली. उजवी मूठ मोज्यासकट टेकवली, तर नुसता फराटा उठला. तिला तो मुळीच पटला नाही. बराच वेळ मोज्याकडे बघत उभी होती. जुन्या ताईंनी हातातली दुपट्याची घडी तशीच धरलेली.

ती सरळ माझ्याकडे आली, मोजा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "धर."

तिचा इथला पहिला शब्द. तोही हुकूम.

मी म्हणाले, "धरते." आणि ती उजवी मूठ घेऊन गेली आणि लंगडीचं चालणं झालं. पावलांना बोटं हवीत हेही तिनेच ठरवलं. मूठ सोडून एक बोट बाहेर काढलं आणि ठिपके दिले. एका पावलाला तीन, एकाला नऊ. दर थोड्या वेळाने मागे वळून बघायची, मी मोजा धरलाय की नाही. मी एका हाताने नाकं पुसली, एका हाताने बूट चढवले, एका हाताने जेवले, पण मोजा खाली ठेवला नाही. प्रधानजींना वाटलं आता माझी मूठ वळली. माझ्याकडे फार काळजीने बघत होते.

भिंत अजून व्हायची आहे. मोठ्या बाई म्हणतात, "सगळं खालीच काय? वरचा अर्धा कागद रिकामा. पालकांना काय दिसणार? वर काहीतरी लावा." मुलांचा हात पोचतो त्याच्या वर मी काही लावणार नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, "बघू." हा "बघू" मला आवडला नाही. तू सांगितलं होतंस, प्रेक्षक कुठे बसणार ते आधी बघ. ते मी आता बघते आहे.

तुझी,
भिंगरी


३१ जानेवारी

आत्या गं,

जिंकलो!

कुठून सांगू? काल संध्याकाळी बहुतेक आईबाप कोट घालून भिंतीसमोर उभे. वर रिकामा निळा कागद, मग झाड, खाली गुडघ्याएवढ्या पट्ट्यात सगळी गंमत. ते सगळे कागदाच्या रिकाम्या भागाकडे बघून भलं काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. मोठ्या बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की "सांगितलं होतं". मी म्हणाले, "सगळ्यांनी खाली बसा. ही भिंत बसून बघायची आहे."

आधी एक उंच बाप गुडघ्यांवर आला आणि म्हणाला, "अरे!" झालं, पटापट सगळे खाली. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आले आणि त्यांना रस्ता दिसला. पावलं खिडकीपासून निघतात, झाडाखालून जातात, कपाटाला वळसा घालतात. मागे बाकीच्यांची पावलं, छोटी, मोठी, एक तर नुसता गोळा, तो प्रधानजींचा. आईबाप त्यामागे रांगायला लागले, पोरं त्यांच्या पाठीवर. असा गोंधळ, असं हसू! मोठ्या बाई एकट्या उभ्या होत्या. शेवटी त्याही टेकल्या, कारण उभं राहून कुणाशी बोलायलाच मिळेना.

पण पावलं कागदावर थांबलेली नव्हती. कागद संपला तिथे मुठाबाई थांबली नव्हती. ती त्याच दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीच्या दारावरून गेली होती. पॉलिश केलेल्या दारावरून! मोठ्या बाई रांगत त्या दारापाशी आल्या.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

मुठाबाई पुढे आली. उजवी मूठ वर केली. "मी."

मोठ्या बाई त्या मुठीकडे बघत राहिल्या. रिकाम्या मुठीकडे. मोजा माझ्या हातात होता. मग त्या मला म्हणाल्या, "हे दार पुसायचं नाही," आणि घाईघाईने पुढच्या पावलाकडे रांगल्या. त्यांना बहुतेक रडू येत होतं. भुवया अजून थोड्या चमकतातच.

पावलं संपतात ती मुख्य दारापाशी, पायपुसण्याच्या काठावर. जिथे रोज संध्याकाळी तिची आई उभी राहते. अगदी तिथे. मी तिला काही सांगितलं नव्हतं, आत्या. तिने स्वतःच तिथपर्यंत नेली.

आणि आई सगळ्यांत शेवटी आली. गाडी लावून, गणवेशाचा काळा कोट तसाच. दार उघडलं तर पायाशी पाऊल. तिने सवयीने उजवा हात खिशात घातला होता, तो बाहेर काढला. वाकली. मग गुडघ्यांवर आली आणि पावलं उलटी धरून निघाली. दारापासून कपाटाकडे, झाडाखालून, खिडकीपर्यंत. सगळे बाजूला झाले. रांगत रांगत ती नेमकी खिडकीखाली पोचली, जिथे तिची लेक इतके दिवस मुठी वळून बसायची, आणि तिथेच बसली.

मुठाबाई माझ्याकडे आली. हात पुढे केला. मी मोजा दिला. तो तिने आईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "घाल."

आईने घातला, पांढऱ्या डागांसकट. मग पोरीने आपला पंजा भिंतीखाली अजून ठेवलेल्या रंगाच्या ताटलीत थोपटला. हो, पंजा, उघडा, पाची बोटं फाकलेला. मला वाटलं आता झाडाकडे जाईल. मी मनातल्या मनात रिकाम्या फांदीकडे बोटसुद्धा दाखवलं. पण ती वळली आणि आईच्या कोटावर, छातीच्या डाव्या बाजूला, सगळ्या ताकदीनिशी तो पंजा लावला.

मोठ्या बाई आईला म्हणाल्या, "उद्या वेळेवर आणा. तिच्याशिवाय बाकीच्यांना मुठी कोण शिकवणार?"

आज संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हाही कोटावर पंजा होता. म्हणाली, "वरिष्ठांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, पदक आहे." झाडाची बारावी फांदी रिकामीच ठेवली आहे आम्ही. तो पंजा दिवसभर शहरात बसमधून फिरतो.

आणि हे ऐक. परवा दुपारी, मुलं झोपलेली असताना, जुन्या ताई बारीक ब्रश घेऊन भिंतीपाशी बसल्या होत्या. एका पावलाच्या बोटांवर ब्रश धरलेला. मी काही बोलणार, इतक्यात त्यांनी स्वतःच ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, "नऊ बोटं आहेत गं याला. असू देत. तिला लागत असतील."

सोबत तुझ्यासाठी एक पाऊल पाठवते. मुठाबाईने खास काढलं आहे. "आत्याला," असं म्हणून, माझ्याकडे न बघता.

तुझी, टोपी घातलेली,
भिंगरी


७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसायला, दुसऱ्यांदा रडायला, आणि तिसऱ्यांदा शेजारणीला मोठ्याने, कारण माझ्या भाचीचं कौतुक तिने ऐकलंच पाहिजे. तिचा भाचा नुसता मोठ्या पगारावर आहे.

जन्मभर मी प्रेक्षकांना खुर्चीत बसवलं. तू त्यांना रांगायला लावलंस. माझ्याहून पुढे गेलीस, पोरी. हे मी लेखी देते आहे, जपून ठेव. पुन्हा देणार नाही.

चोवीस मणी सोबत पाठवते. त्या मंडळींना नव्हे, तुला. माळ ओवून घे, आणि घरी घाल. पाळणाघरात नेलीस तर प्रधानजी गिळतील.

पाऊल चौकटीत घालून दारासमोर लावलं आहे. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. येणारा प्रत्येक जण विचारतो, इतकं खाली का? मी म्हणते, बसा, मग दिसेल. माझा गुडघा कुरकुरतो, पण मीसुद्धा रोज एकदा बसते.

कारागिराच्या नजरेने बघितलं तर एक चूक आहे त्यात. अंगठा करंगळीच्या बाजूला आलाय. डाव्या पायाला उजवीकडे हवा होता, तो डावीकडे आहे. असं पाऊल माझ्या हाताखालच्या कुणी केलं असतं तर मी ते पुसून पुन्हा करायला लावलं असतं.

तिला सांग, आत्या म्हणते, फार छान चालतेस. आणि खबरदार, अंगठ्याबद्दल तिला कुणी काही बोललं तर.

आत्या